राजूने शाळेत गेला

‘राजूने भाकरी खाऊन शाळेत गेला.’

सातवीच्या मराठीच्या वह्या तपासणाऱ्या कुठल्याही बाईंना हे वाक्य ओळखीचं वाटेल. लाल पेन ‘ने’वर काट मारतं आणि खालच्या ओळीकडे सरकतं. गंमत अशी, की हाच मुलगा चाचणीत ‘मुलाने आंबा खाल्ला’ या वाक्यासमोर बिनचूक ‘कर्मणी’ लिहितो आणि ‘शिक्षकांनी विद्यार्थ्याला बोलावले’ या वाक्यासमोर ‘भावे’. गुण पैकीच्या पैकी. प्रयोग त्याला ओळखता येतो, करता येत नाही.

चुकलं कुठे, हे पाहण्यासारखं आहे. ‘राजूने भाकरी’ इथवर मुलगा बरोबरच आहे. त्याच्या मनात ‘खाल्ली’ हे क्रियापद असतं आणि ‘खाल्ली’ला ‘राजूने’च लागतं. पण वाक्य पुढे गेलं, ‘खाल्ली’चं ‘खाऊन’ झालं आणि शेवटी ‘गेला’ आलं. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागायचा की नाही, हे वाक्याच्या शेवटी बसलेलं क्रियापद ठरवतं. ‘गेला’ अकर्मक, त्याला ‘ने’ चालत नाही. शेवट बदलून बघा: ‘राजूने भाकरी खाऊन दप्तर उचललं.’ आता तोच ‘ने’ हवाच. म्हणजे मुलाची चूक ‘ने’ची नव्हती. वाक्य सुरू करताना त्याला शेवट दिसत नव्हता. लाल काट त्याला हे सांगत नाही. फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलेली दोन वाक्यं आणि पंधरा मिनिटांची चर्चा मात्र सांगू शकते. कर्तरी आणि कर्मणी हे शब्द त्या पंधरा मिनिटांच्या अखेरीस आले, तर त्यांना काही अर्थ असतो.

आपल्याकडे ते सुरुवातीला येतात, आणि बहुतेकदा तिथेच संपतात.

याचं एक कारण प्रश्नपत्रिकेत आहे. शिष्यवृत्ती परीक्षा कधी चौथी-सातवीला, कधी पाचवी-आठवीला, अशी इयत्ता बदलत राहिली. पण तिचा बहुपर्यायी साचा गावोगावच्या पालकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. चार पर्याय, एक गोल. त्या गोलात वाक्य लिहिता येत नाही, वाक्याचा प्रकार तेवढा ओळखता येतो. पुढे स्पर्धा परीक्षांमध्येही तेच. मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ हे पुस्तक पूर्वी शाळकरी मुलांच्या आणि शिक्षकांच्या हातात असे. आज नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये फेरी मारलीत, तर ते एमपीएससीची तयारी करणाऱ्या पंचविशीतल्या मुलांच्या टेबलावर, ओळी अधोरेखित करून झिजलेलं दिसेल. पुस्तकाच्या नावात ‘व लेखन’ असे दोन शब्द आहेत. तयारी करणाऱ्याला त्यांची गरज पडत नाही.

बालभारतीची पुस्तकं याबाबतीत बरी आहेत, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. सहावी ते आठवीच्या पुस्तकांत व्याकरणाचा वेगळा जाडजूड विभाग नाही. पाठांच्या अधेमधे ‘आपण समजून घेऊया’सारख्या चौकटी आहेत आणि उदाहरणं वाचून मुलांनी नियमाकडे यावं, असा त्यांचा रोख आहे. पण वर्गात चौकटीखालचा स्वाध्याय गाईडमधून उतरवला जातो आणि घटक ‘पूर्ण’ होतो.

या सगळ्याचं मूळ शोधायला जरा मागे जावं लागतं. विल्यम कॅरीचं इंग्रजीतलं मराठी व्याकरण बंगालातल्या श्रीरामपूरहून १८०५ साली निघालं, ते मराठी न येणाऱ्यांसाठी. मराठी बोलणाऱ्यांसाठी मराठीत व्याकरण लिहायचं काम दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी केलं. १८३६ साली त्यांचं पुस्तक छापून आलं तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढे दोन साचे होते, एक संस्कृतचा आणि एक इंग्रजीचा. शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर गेल्या, तर विभक्तीचा तक्ता संस्कृतच्या. पुढे १९११ साली मोरो केशव दामल्यांनी, म्हणजे केशवसुतांच्या धाकट्या भावाने, ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून आधीच्या सगळ्यांची कसून झाडाझडती घेतली. १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला. अभ्यासकांचं भांडण असं शंभर वर्षं चालू राहिलं. शाळेत मात्र ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ची घोकंपट्टी तशीच चालू राहिली.

बारा वर्षांच्या मुलाला विचारा, ‘आईला बोलाव’ मधला ‘ला’ कुठल्या विभक्तीचा आणि ‘आईला साडी दे’ मधला कुठल्या. एक द्वितीया, एक चतुर्थी. प्रत्यय तोच, रूप तेच. वेगळं काय, ते संस्कृतात दिसतं, मराठीत कानाला ऐकू येत नाही. दोन्ही वाक्यं मुलाला आधीपासूनच बिनचूक बोलता येतात. जे येतं त्याला नाव द्यायला आपण दोन तासिका खर्च करतो आणि ‘खाऊन’नंतर वाक्य कसं न्यायचं, जे येत नाही, त्याला वेळ उरत नाही. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे. बाकी त्याचे तपशील.

बाहेरच्या जगात हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांच्या अहवालाने स्पष्ट म्हटलं, की नुसतं औपचारिक व्याकरण शिकवून मुलांचं लेखन सुधारत नाही; उलट लिहिण्याचा वेळ त्यात गेल्याने नुकसानच होऊ शकतं. १९७३ मध्ये फ्रँक ओहेअर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सातवीतल्या मुलांना व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता फक्त छोटी वाक्यं जोडून मोठी करण्याचा भरपूर सराव दिला, आणि त्या मुलांचं लेखन इतरांच्या खूप पुढे गेलं. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे कितीतरी प्रयोग एकत्र तपासले. वाक्यं जोडण्याच्या सरावाचा परिणाम अधिक ०.५० निघाला, तर पारंपरिक व्याकरण-शिक्षणाचा उणे ०.३२. या उण्या आकड्यावर फार नाचू नये. त्या प्रयोगांत व्याकरणाचा वर्ग बऱ्याचदा नुसता तुलनेसाठी ठेवलेला होता आणि भाषा इंग्रजी होती. पण सराव कसला द्यावा, याची दिशा त्यातून कळते. इंग्लंडने मात्र २०१३ पासून अकरा वर्षांच्या मुलांसाठी व्याकरणाची स्वतंत्र परीक्षाच सुरू केली, आणि तिथले लेखक-शिक्षक तेव्हापासून तिच्याबद्दल कुरकुरत आहेत. ‘ओळखा’चा मोह फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

वाक्यं जोडणं ही काही साता समुद्रापलीकडून आणायची गोष्ट नव्हे. आपल्या जुन्या व्याकरणांत वाक्यपृथक्करणाबरोबर वाक्यसंकलन आहेच. फरक असा पडला, की पृथक्करणाचा तक्ता आखता येतो, गुण देता येतात, म्हणून ते टिकलं. संकलनाला एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणून ते मागे पडलं. केवल, संयुक्त की मिश्र, हे ओळखण्यापुरतं उरलं.

निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना अगदी घरचा वाटेल असा मजकूर घेऊ. ‘काका पहाटे उठले. काका बागेत गेले. घडांवर दव पडलं होतं. काकांनी फवारणी लांबवली.’ चार वाक्यं. चौघांनी जोडली तर चार तऱ्हा होतात. एक मुलगी लिहील, ‘काका पहाटे उठून बागेत गेले, पण घडांवर दव पडलं होतं म्हणून त्यांनी फवारणी लांबवली.’ दुसरा लिहील, ‘घडांवर दव पडल्यामुळे पहाटे बागेत गेलेल्या काकांनी फवारणी लांबवली.’ पहिल्या वाक्यात आपण काकांच्या मागून चालतो. घडांपाशी गेल्यावरच दव दिसतं. दुसऱ्यात कारण आधी कळतं आणि काका नंतर येतात. दोन्ही बरोबर. मग गोष्ट सांगायची असेल तर कुठलं घ्यायचं आणि कृषी अधिकाऱ्याला अर्ज लिहायचा असेल तर कुठलं? आठवीच्या वर्गात यावर भांडण लागू शकतं आणि ते लागलेलं बरं. आता वर पाहा: पहिल्या वाक्यात ‘काका’ आणि दुसऱ्यात ‘काकांनी’ का? राजूची भाकरी इथेच येते.

मराठीकडे वाक्यं जोडायची अवजारंही भरपूर आहेत: ऊन, ताना, ल्यावर, ण्यासाठी, जो-तो, जेव्हा-तेव्हा, म्हणून, तरी. मुलं त्यातलं ‘मग’ आणि ‘आणि’ एवढंच वापरतात. ‘मग मी उठलो मग मी दात घासले आणि मग...’ या गाडीला थांबेच नसतात. पूर्णविराम आपल्याकडे तसा उशिराच आला. हस्तलिखितांत उभा दंड असे. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींच्या खटपटीने छापील मराठीत रुळली. मुलांना पूर्णविरामाची सवय लागत नाही, कारण वाक्य कुठे संपलं हे त्यांना ठरवता येत नाही. ‘पूर्णविराम द्या’ असा शेरा मारून ते ठरवता येईलच असं नाही.

‘ऊन’ची एक खोड तर वर्गात घेण्यासारखीच आहे. ‘गाडी येऊन आम्ही बसलो’ हे कानाला खटकतं. ‘गाडी आल्यावर आम्ही बसलो’ हवं. आलेली गाडी, बसलेले आम्ही. कर्ते दोन, म्हणून ‘ऊन’ चालत नाही. मुलांनी हा नियम स्वतः काढला, की लगेच त्यांच्यापुढे ‘पाऊस पडून चिखल झाला’ ठेवावं. इथेही कर्ते दोन, तरी वाक्य झकास. मग ‘पाऊस पडून आम्ही घरी गेलो’ का नाही? एखादा मुलगा म्हणेल, पावसातूनच चिखल झाला, आम्ही काही पावसातून झालो नाही. त्याने आता भाषेबद्दल विचार केला आहे. त्याच्या उत्तराला कुठल्या पर्यायात गोल नाही.

नाशिक जिल्ह्यात हा विषय आणखी एका अंगाने गुंतागुंतीचा होतो. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव हा अहिराणीचा पट्टा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडे कोकणा, महादेव कोळी, वारली मुलं घरून आपापली बोली घेऊन येतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. आश्रमशाळांमध्ये पाठ्यपुस्तकाची मराठी ही बऱ्याच मुलांची दुसरी भाषा असते, हे मात्र वेळापत्रकात कुठे दिसत नाही. त्यात द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरतात. मुलं कधी बरोबर येतात, कधी मागे राहतात. मालेगावच्या उर्दू शाळांतल्या मुलांचं मराठी आणखी निराळं.

अहिराणी बोलणारं मूल घरी म्हणतं, ‘माले भूक लागनी.’ शाळेत म्हणायचं, ‘मला भूक लागली.’ ते घरी ‘घरमा’ म्हणतं, शाळेत ‘घरात’. एकीकडे ‘घर’ जसंच्या तसं राहून त्याला ‘मा’ चिकटतो, दुसरीकडे ‘घर’चं आधी ‘घरा’ होतं. सामान्यरूप म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला नमुना कुठला? पुण्याच्या मुलाला ‘घरात’ मधला ‘आ’ दिसतच नाही, कारण तो जन्मापासून तसाच बोलतो. सटाण्याच्या मुलाच्या हातात दोन्ही रूपं असतात. ग्रिअर्सनने शतकापूर्वीच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीत न घालता भिल्ली भाषांच्या खंडात निराळी जागा दिली होती. त्याचं वर्गीकरण मान्य करा वा नको, अहिराणीला स्वतःचं व्याकरण आहे एवढं त्यातून नक्की होतं. तरी ‘माले’वर लाल रेघ येते आणि समासात ‘अशुद्ध’ असा शेरा. वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे घरचं वाक्य, उजवीकडे पुस्तकातलं वाक्य लिहायला सांगितलं, तर मूल दोन व्याकरणांची तुलना करतं. वरच्या वर्गातल्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपण पुढे हेच करायला सांगतो.

शहरात, कॉलेज रोड किंवा इंदिरानगरकडे, चुका वेगळ्या. ‘मी त्याला बोललो.’ ‘माझी मदत कर.’ ‘मी शाळेला गेले.’ पहिल्या दोन हिंदीच्या वाटेने आलेल्या, तिसरीतला ‘ला’ इंग्रजीतून उचललेला. २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. इंग्रजी शाळांत ‘सुलभभारती’ आलं, पण घरी आजी सोडून कुणी मराठीत सलग चार वाक्यं बोलत नाही अशी घरं कमी नाहीत. या मुलांना व्याकरणाची कोष्टकं इंग्रजीच्या सवयीने चटकन पाठ होतात. अडचण अशी, की आपलं वाक्य खटकतंय हे सांगणारा कान तयार झालेला नसतो.

कान हा शब्द आला की नाशिककरांना लक्ष्मीबाई टिळक आठवतातच. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नारायण वामन टिळकांच्या लहरीप्रमाणे, तुटक तुटक. आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली आणि मराठी गद्याचा नमुना ठरली. त्यांचं वाक्य छोटं असतं आणि क्रियापदावर ठाम उभं राहतं; विनोद जिथे हवा तिथेच वाक्य संपतं. व्याकरण न शिकता हे जमलं ना, असा युक्तिवाद मी सभासमारंभांत ऐकला आहे. तो मला पटत नाही. लक्ष्मीबाईंच्या कानावर लहानपणापासून कीर्तनं, पोथ्या, ओव्या, भांडणं, मोठ्या कुटुंबातली न संपणारी बोलणी पडत होती. वाक्य कुठे वळतं, हे त्यांना हजारदा ऐकून माहीत होतं. आजच्या सातवीतल्या मुलाच्या कानावर तेवढं मराठी पडत असतं, तर निम्मा प्रश्न मिटला असता. पडत नाही, म्हणून वर्गात मोठ्याने वाचणं आणि वाक्यं करून बघणं यांना तासिकेत जागा द्यावी लागते.

दुसऱ्या टोकाला यास्मिन शेख. त्यांचाही जन्म नाशिकचाच, १९२५ चा. मूळच्या जेरुशा, बेने इस्रायली कुटुंबातल्या, पुण्यात श्री. म. माटे यांच्या विद्यार्थिनी. पुढे ‘मराठी शब्दलेखनकोश’ त्यांनी केला आणि ‘अंतर्नाद’ मासिकाच्या त्या व्याकरण सल्लागार होत्या. मासिकाच्या श्रेयनामावलीत असं पद छापलं जावं, याचं तेव्हाही अप्रूप होतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आधी १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार, असे अठरा झाले. ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वकील’ पण ‘वकिलाला’ यांसारखे. ते काटेकोर पाळणाऱ्यांत बाईंचं नाव आदराने घेतलं जातं. पण ते नियम लिहून झालेल्या मजकुरावर चालवायचे असतात. लक्ष्मीबाईंचा कान आणि यास्मिनबाईंची नजर, दोन्ही लागतात. फक्त क्रम उलटा झाला, की मूल पहिल्याच ओळीत र्‍हस्व-दीर्घाला घाबरून ‘फुलाला’ टाळून ‘फूल’वरच थांबतं, आणि वाक्य तिथेच लंगडं होतं.

आचार्य अत्रे १९४२ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते हे बऱ्याच जणांना आठवतं. ते मुळात शिक्षक होते, लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आलेले आणि ‘नवयुग वाचनमाले’चे कर्ते, हे कमी जणांना. पाठ्यपुस्तकातली भाषा मुलाच्या तोंडी बसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. २०२१ मध्ये नाशिकला पुन्हा संमेलन झालं, ग्रंथदिंडी निघाली, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या नावाने दरवर्षी शाळाशाळांत भाषणं होतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जाही जाहीर झाला. ती भाषणं मुलं पाठ करून म्हणतात. त्यातलं एखादं वाक्य घेऊन ते तीन तऱ्हांनी लिहून दाखवा, असा कार्यक्रम मराठी भाषा गौरव दिनाला कुणी ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता शिक्षकांची बाजू. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. तीन वर्गांची मराठी एकाच बाईंकडे असेल तर शंभरावर वह्या. वहीला तीन मिनिटं धरली तरी पाच तासांच्या वर काम, तेही एका निबंधाचं. त्यावर ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची नोंद, निवडणुकीची कामं. अशा वेळी ‘ओळखा’चे दहा प्रश्न दहा मिनिटांत तपासून होतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

यावर एकच तोड दिसते, आणि ती अवलंबणारे शिक्षक थोडे का होईना, आहेत. सगळ्या चुका तपासायच्याच नाहीत. या आठवड्यात फक्त ‘ऊन’ची वाक्यं, बाकी र्‍हस्वदीर्घ, विरामचिन्हं, सगळं तसंच सोडायचं. मुलांनी पाच-सहा ओळी लिहायच्या, जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवायच्या, जिथे जीभ अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, आणि बाईंनी फक्त खुणांपाशी थांबायचं. पुढच्या आठवड्यात ‘जो-तो’. वही एका मिनिटात हातावेगळी होते आणि ‘राजूने’चा ‘राजू’ मूल स्वतःच करतं, कारण वाचताना त्याची जीभ तिथे अडखळते.

अडचण पालकसभेत येते. वही उघडून एखादे वडील विचारतात, ‘बाई, यात तर सात चुका आहेत, तुम्ही तपासलीच नाही का?’ प्रश्न रास्त आहे. त्यांना लाल पान म्हणजे कष्टाचं पान असंच शिकवलं गेलं आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच सभा घेऊन या आठवड्यात काय बघणार आणि काय बघणार नाही, हे सांगून टाकलं तर निभतं. काही शिक्षक वहीच्या वरच्या कोपऱ्यात त्या आठवड्याचं एक वाक्य लिहून ठेवतात: ‘आज फक्त ल्यावर.’ मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी तपासणीच्या दिवशी त्या कोपऱ्याकडेही नजर टाकावी, एवढी तरी अपेक्षा शिक्षकांनी का धरू नये?